प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा आणि भाजलेला रुग्ण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम करते. बराचसा वेळ त्वचेच्या पेशींबरोबर जातो. लग्नकार्यात किंवा लोकलमध्ये कुणाला हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे भाजलेल्या माणसाला नवी त्वचा लावता येते?" येते. पण ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात आणि तेवढे दिवस रुग्णाला त्वचेवाचून जगवावं लागतं. लोकांचे बहुतेक प्रश्न शेवटी या तीन आठवड्यांपाशीच येऊन थांबतात. म्हणून उत्तरं एकत्र लिहून काढली.

प्रयोगशाळेत "त्वचा" वाढवतात म्हणजे नक्की काय वाढवतात?

फक्त वरचा थर. त्वचेला दोन मजले असतात. वरचा बाह्यत्वचेचा, तो कागदासारखा पातळ. त्यात मुख्यतः केराटिनोसाइट नावाच्या पेशी एकीवर एक रचलेल्या असतात. खालचा आंतरत्वचेचा, त्यात कोलॅजेनचं जाळं, रक्तवाहिन्या, नसा, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं असतात. पेशीसंवर्धनाने आपण वरचा मजला उभा करतो. त्वचेची लवचिकता आणि मजबुती मात्र खालच्या मजल्यात असते. या पद्धतीचं यश आणि मर्यादा या एका गोष्टीतून समजतात.

साधं भाजल्यावर जखम आपोआप का भरते, तेही इथेच कळतं. वरचा थर गेला तरी केसांच्या मुळांभोवती आणि घामाच्या नलिकांमध्ये केराटिनोसाइट शिल्लक असतात. तिथून त्या बाहेर सरकतात आणि जखम झाकतात. खोल भाजलं की ही मुळंच जळतात. मग फक्त जखमेच्या कडेने पेशी येऊ शकतात आणि तळहातापेक्षा मोठ्या जखमेला ते पुरत नाही.

ही पद्धत शोधली कुणी?

हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचा विद्यार्थी जेम्स ऱ्हाइनवाल्ड यांनी, अमेरिकेत, १९७५ मध्ये. ते त्वचेच्या मागे लागलेच नव्हते. उंदराच्या टेराटोमा नावाच्या गाठीतल्या पेशींचा अभ्यास चालला होता. त्या वाढवताना मध्येच काही वेगळ्या वसाहती दिसू लागल्या : पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, त्वचेच्या पेशींसारख्या. त्या फक्त दुसऱ्या प्रकारच्या पेशींच्या सोबतीने वाढत होत्या, एकट्या ठेवल्या की थांबत. हे निरीक्षण त्यांनी सोडून दिलं नाही. माणसाच्या त्वचेच्या पेशींनाही अशीच सोबत देऊन पाहिली आणि तोवर तग न धरणाऱ्या त्या पेशी भराभर वाढल्या.

सोबतीला वापरल्या त्या ३टी३ नावाच्या पेशी. जॉर्ज टोडारो आणि ग्रीन यांनी त्या १९६२ मध्ये उंदराच्या भ्रूणापासून तयार केल्या होत्या. नावाचा अर्थ अगदी व्यवहारी आहे : दर ३ दिवसांनी नव्या बशीत घालायच्या आणि प्रत्येक वेळी ३ लाख. त्वचेच्या कामात त्यांना आधी किरणोत्सर्ग देतात. मग त्या जिवंत राहतात, शेजारच्या पेशींना लागणारे पदार्थ पुरवतात, पण स्वतः वाढत नाहीत. दुधाला विरजण लागतं तशी केराटिनोसाइटना ही सोबत लागते, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. फरक एवढाच, की हे विरजण शेवटी बाजूला सारलं जातं.

पुढच्या चार वर्षांत आणखी दोन-तीन गोष्टींची भर पडली. त्यातली एक ऐकून लोक दचकतात : पोषक द्रावात कॉलऱ्याच्या जंतूचं विष अत्यल्प प्रमाणात घालतात. आतड्यात जीवघेणा जुलाब घडवणारं हे विष केराटिनोसाइटमध्ये विभाजनाला उत्तेजन देतं. एकच रेणू दोन ठिकाणी दोन कामं करतो. शरीरक्रियाशास्त्रात हे पुन्हा पुन्हा दिसतं आणि मला त्याचं अजून नवल वाटतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं?

सूक्ष्मदर्शकाखाली पहिले दोन-तीन दिवस काहीच खास नाही. ३टी३ पेशी चांदणीसारख्या पसरलेल्या, मध्ये कुठेतरी पाच-सहा गोलसर पेशींचा पुंजका. पाचव्या-सहाव्या दिवशी पुंजका वाढून शहाबादी फरशीसारखा दिसू लागतो, फरशा एकमेकींना खेटून बसवलेल्या, आणि कडेच्या ३टी३ पेशी ढकलल्या जातात. मग शेजारचे पुंजके एकमेकांना भिडतात आणि सगळा तळ भरून जातो. फ्लास्कमधला द्राव गुलाबीकडून पिवळसर झाला की पेशी भरपूर खाताहेत असं समजायचं आणि द्राव बदलायचा.

सगळ्यात नाजूक काम शेवटी असतं. डिस्पेझ नावाचं विकर घातलं की पेशींची तळाशी असलेली पकड सुटते, एकमेकींची पकड मात्र सुटत नाही. थर अख्खा वर येतो, दुधावरची साय बोटाने कडेने सोडवावी तसा. सुटला की लगेच आकसतो. मग तो व्हॅसलीनच्या जाळीदार गॉझवर उलट-सुलट न होऊ देता पसरायचा आणि क्लिपने पकडायचा. बाजू चुकली तर थर रुग्णाच्या अंगावर धरणार नाही. हा थर २ ते ८ पेशींएवढा जाड असतो. हातात धरल्यावर त्याचं वजनही जाणवत नाही.

माणसावर पहिल्यांदा कधी वापरलं?

बॉस्टनमध्ये निकोलस ओ'कॉनर आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांवर असे थर लावल्याचं १९८१ मध्ये प्रसिद्ध केलं. पण जगाचं लक्ष गेलं ते १९८३ च्या घटनेनंतर. वायोमिंगमधले दोन लहान सख्खे भाऊ अंगावरचा रंग रसायनाने काढत असताना त्याने पेट घेतला. दोघांचंही ९५ टक्क्यांहून जास्त शरीर भाजलं. स्वतःची त्वचा घ्यायला जागाच उरली नव्हती. बॉस्टनच्या डॉक्टरांनी काखेतून सुमारे २ चौरस सेंटिमीटरचे तुकडे घेतले, म्हणजे साधारण टपाल तिकिटाच्या निम्म्या आकाराचे. त्यातून वाढवलेल्या थरांनी त्या मुलांचं जवळपास निम्मं शरीर झाकलं. दोघं वाचले. १९८४ मध्ये हा अहवाल छापून आला.

अशी घटना वाचताना मला नेहमी वाटतं, की हे यश बशीतल्या पेशींचं जितकं, तितकंच त्या मुलांना आठवडेच्या आठवडे सांभाळणाऱ्या वॉर्डाचंही आहे.

तीन आठवडेच का? लवकर होत नाही?

हिशेब करून पाहा. मूळ तुकड्याच्या दहा हजार पट क्षेत्रफळ हवं असेल तर एकाच्या दोन, दोनाच्या चार असं तेरा-चौदा वेळा दुप्पट व्हावं लागतं. प्रत्येक दुपटीला भरात असताना जवळपास दिवस जातो. शिवाय सुरुवातीला पेशींना बशीत रुळायला वेळ लागतो, मध्ये त्या सोडवून मोठ्या फ्लास्कमध्ये घालाव्या लागतात, आणि शेवटी थर एकसंध होईपर्यंत थांबावं लागतं. घाई केली तर थर विरळ राहतो.

आणि सगळं सुरळीत चाललं तरचे हे तीन आठवडे. मी शिकत होते तेव्हाची एक सकाळ विसरत नाही. भर पावसाळा, हवेत ओल. इन्क्युबेटर उघडला तर चार फ्लास्कमध्ये कापसासारखे पांढरे गोळे तरंगत होते. बुरशी. आदल्या संध्याकाळी झाकण मी जरा जास्त वेळ उघडं ठेवलं होतं. अठरा दिवसांचं काम टाकून द्यावं लागलं. ते फ्लास्क प्रयोगाचे होते, कुणा रुग्णाचे नव्हते, म्हणून आज हे लिहिताना हात थरथरत नाही. तेव्हापासून पावसाळ्यात मी दर फ्लास्कची राखीव जोडी दुसऱ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवते.

मग हे तीन आठवडे रुग्ण जगतो कसा?

इथे प्रयोगशाळेचं काम थांबतं आणि शरीरक्रियाशास्त्र सुरू होतं.

पहिले २४ तास पाण्याचे. मोठं भाजलं की केवळ जखमेतून नाही, सगळ्या शरीरातल्या केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो. रक्तदाब पडतो, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. त्या रात्री आलेल्या रुग्णांवर उपचार करताना ऑलिव्हर कोप आणि फ्रान्सिस मूर यांनी जो अभ्यास केला, त्यातून द्रव किती द्यायचा याचा विचार आकाराला आला. पुढे १९६८ मध्ये चार्ल्स बॅक्स्टर यांनी दिलेलं पार्कलंड सूत्र आजही वॉर्डात वापरतात : ४ मिलिलिटर, गुणिले वजन, गुणिले भाजलेल्या भागाची टक्केवारी. ६० किलोच्या माणसाचं ५० टक्के शरीर भाजलं असेल तर पहिल्या २४ तासांत १२ लिटर रिंगर लॅक्टेट, म्हणजे क्षार घातलेलं सलाईन, त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे ८ तास भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे, दवाखान्यात आल्यापासून नाहीत. तालुक्याच्या गावाहून गाडीत तीन तास गेले असतील तर उरतात पाच. म्हणून भाजल्याची नेमकी वेळ नातेवाइकांनी सांगायलाच हवी. सूत्र ही नुसती सुरुवात असते. पुढे लघवी किती होते ते पाहून सलाईनचा वेग ठरतो. प्रौढात दर तासाला दर किलोमागे अर्धा मिलिलिटर, म्हणजे या माणसात ३० मिलिलिटर. बर्न्स वॉर्डातली नर्स रात्रभर लघवीच्या पिशवीकडे का बघत असते, ते आता कळेल.

दुसरं, जळलेली त्वचा तशीच ठेवायची नाही. पूर्वी ती आपोआप सुटेपर्यंत वाट बघत आणि तोवर जंतुसंसर्ग होई. स्लोव्हेनियातल्या मारिबोर गावी झोरा यांझेकोविच या सर्जनबाईंनी साधी गोष्ट करून दाखवली : भाजल्यावर तीन ते पाच दिवसांत मेलेला थर पातळ पातळ कापत जायचं, खाली रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत, आणि लगेच ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून काढलेली त्वचा, लावायचा. १९७० मध्ये त्यांचा लेख आला आणि जगभरच्या बर्न्स वॉर्डांची रीत बदलली. या क्षेत्रात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो त्यांच्याबद्दल. साधनसामग्री जेमतेम असताना त्यांनी हे केलं.

तिसरं, आतली आग. मोठ्या भाजलेल्या रुग्णाचं शरीर आठवडेच्या आठवडे पळाल्यासारखं चालतं. नाडी १२०-१३०, ताप, आणि स्नायू विरघळून शरीर स्वतःलाच खात राहतं. खोली मुद्दाम उबदार ठेवतात, म्हणजे ऊब टिकवण्यात शक्ती जाऊ नये. अंडी, दूध, नळीतून अन्न, जे जाईल ते द्यावं लागतं. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन इथे डेव्हिड हर्नडन यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं, की रक्तदाबावर वापरतात ते प्रोप्रॅनोलॉल दिल्याने भाजलेल्या मुलांच्या नाडीचा वेग उतरतो आणि स्नायूंची झीजही कमी होते. स्वस्त, जुनी गोळी. असं संशोधन मला मनापासून आवडतं.

आणि जखम उघडी कशी ठेवायची? दुसऱ्याची त्वचा लावता येत नाही का?

लावता येते, पण कायमची नाही. हे ज्या प्रयोगाने कळलं तो भाजलेल्या रुग्णावरच झाला होता. दुसऱ्या महायुद्धात ग्लासगोमध्ये सर्जन थॉमस गिब्सन आणि प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी एका भाजलेल्या बाईवर तिच्या भावाच्या त्वचेचे छोटे तुकडे लावले. काही दिवसांनी पुन्हा त्याच भावाचे लावले. दुसरे तुकडे पहिल्यांपेक्षा लवकर नष्ट झाले. म्हणजे शरीराने परक्याला ओळखून लक्षात ठेवलं होतं. हा लेख १९४३ चा. अवयव प्रत्यारोपणाचा पाया त्यात आहे आणि मेडावर यांना १९६० मध्ये नोबेल मिळालं.

शरीर ती त्वचा नाकारणारच, पण त्याला वेळ लागतो. मोठ्या भाजलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती मंदावलेली असल्याने आणखी थोडा जास्त. आणि दोन-तीन आठवडे हवे असतात तेवढेच! तोवर दान केलेली त्वचा पाणी अडवते, जंतू अडवते आणि ड्रेसिंग बदलतानाच्या वेदना कमी करते. माझ्या फ्लास्कमधला थर या दानाशिवाय बहुतेकदा निरुपयोगी आहे. दान केलेल्या त्वचेवर प्रयोगशाळेतल्या थरावाचूनही माणसं वाचतात, याच्या उलट क्वचितच घडतं.

रुग्णाची स्वतःचीच त्वचा का घेत नाहीत?

घेतातच. आपल्याकडे बहुतेकांचा उपचार तोच असतो : मांडीवरून पातळ पापुद्रा काढायचा, यंत्रात घालून त्याची जाळी करायची, ताणून तिप्पट जागेवर पसरायची. जिथून काढला ती जागा दोनेक आठवड्यांत भरते आणि पुन्हा वापरता येते. निम्म्याहून जास्त शरीर गेलं की मात्र काढायला जागा कमी पडते. पेशीसंवर्धनाचा प्रश्न तिथून पुढे येतो.

वाढवलेली त्वचा खऱ्या त्वचेसारखी असते का?

नाही. घाम येत नाही, केस येत नाहीत. सुरुवातीचे कित्येक महिने ती इतकी नाजूक असते की कपड्याच्या घासण्यानेही फोड येतात, कारण वरच्या थराला खाली बांधून ठेवणारे सूक्ष्म धागे हळूहळू तयार होतात. जंतुसंसर्ग झाला तर अख्खा थर रात्रीत विरघळू शकतो. खर्चही प्रचंड असतो.

खालच्या मजल्यासाठी दोन वाटा निघाल्या. जॉन बर्क हे सर्जन आणि इओआनिस यान्नास हे अभियंते यांनी गाईच्या कोलॅजेनची आणि शार्कच्या कूर्चेतल्या पदार्थाची सच्छिद्र चादर तयार केली. तिच्यात रुग्णाच्या पेशी शिरून नवी आंतरत्वचा बांधतात. दुसरी वाट चार्ल्स क्युओनो यांची : आधी दान केलेली त्वचा लावायची, ती जोडली गेली की फक्त तिचा वरचा थर खरवडायचा आणि तिच्याच आंतरत्वचेवर रुग्णाचा वाढवलेला थर ठेवायचा. परका वरचा थर नाकारला जातो, खालचं जाळं बरंचसं टिकतं. मला ही दुसरी वाट जास्त पटते. दान आणि प्रयोगशाळा त्यात एकमेकांच्या खांद्यावर उभ्या राहतात.

उंदराच्या पेशी वापरल्या म्हणजे धोका नाही का?

धोका लहान आहे, पण तो गृहीत धरलेला आहे. अमेरिकेत या पद्धतीच्या उत्पादनाला २००७ मध्ये मर्यादित वापरासाठी मान्यता मिळाली, तेव्हा ते प्राण्याच्या पेशींच्या संपर्कात आलेलं प्रत्यारोपण मानलं गेलं. त्यामुळे असे रुग्ण रक्तदान करू शकत नाहीत.

प्लास्टिक सर्जरी पुण्यात सुरू झाली, हे खरं आहे का?

"सुरू झाली" म्हणणं बरोबर नाही. नाक नवं करण्याचं वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. पण पुण्याचा संबंध पक्का आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचं नाक टिपूच्या लोकांनी कापलं होतं. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हे चित्रासह छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी तिथे १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली.

त्या कारागिराला एक गोष्ट माहीत होती : कातडीचा तुकडा देठासकट वळवायचा, देठ तोडायचा नाही. देठातून रक्त येत राहतं. माझ्या बशीतल्या थराला असा देठ नसतो. पहिले काही दिवस तो जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावरच जगतो, म्हणून खालची जखम स्वच्छ आणि चांगला रक्तपुरवठा असलेली असावी लागते.

या संशोधनातून नवं काय घडलं?

माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट २०१५ ची, जर्मनीतल्या बोखुमची. एका जनुकात दोष असल्याने सात वर्षांच्या मुलाची त्वचा सुटत चालली होती. इटलीतल्या मिकेले दे लुका यांच्या गटाने त्याच्या पेशीत निरोगी जनुक घातलं, थर वाढवले आणि सर्जननी त्याच्या सुमारे ८० टक्के शरीरावर ते लावले. पद्धत मूळची ग्रीन यांचीच, आणि दे लुकाही त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकलेले. पुढच्या तपासात दिसलं, की मुलाची सगळी नवी त्वचा थोड्याशा मूळ पेशींनी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होत राहतात) धरून ठेवली आहे.

"स्टेम सेलने भाजलेले डाग घालवू" अशा जाहिराती येतात. विश्वास ठेवावा का?

पैसे देण्याआधी थांबा. प्रयोग असेल तर तो भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत असला पाहिजे आणि ती नोंद इंटरनेटवर कुणालाही बघता येते. नीतिमत्ता समितीची मान्यता आणि मराठीतलं संमतिपत्र मागा. नोंदणी क्रमांक न देता प्रयोगासाठी लाखभर रुपये मागणाऱ्याकडे जाऊ नका.

घरात कुणी भाजलं तर?

नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही नको. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आत काढा. स्वच्छ कापडाने झाका, दवाखाना गाठा.

त्वचादान करायचं असेल तर?

मृत्यूनंतर ६ तासांच्या आत त्वचापेढीला फोन करा. मुंबईत शीव रुग्णालयात २००० पासून त्वचापेढी आहे, नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. डॉक्टरांनी दिलेला मृत्यूचा दाखला जवळ ठेवा. पथक घरीही येतं, अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. मांड्या, पाय आणि पाठीवरून फक्त वरचा पातळ पापुद्रा घेतात. रक्तस्राव होत नाही, शरीर विद्रूप होत नाही, बँडेज बांधून देतात आणि कपडे घातले की काही दिसत नाही. ही त्वचा ग्लिसरॉलमध्ये शीतपेटीत ठेवली की पाच वर्षांपर्यंत टिकते. रक्तगट जुळवावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, त्वचेचा कर्करोग असेल तर चालत नाही. मधुमेह, रक्तदाब असेल तर चालतं.

"आमची आजी नव्वदची होती, तिची सुरकुतलेली कातडी कुणाच्या काय कामाची?" असं एकांनी विचारलं होतं. पूर्ण कामाची. अठरा वर्षांवर वयाची वरची मर्यादा नाही, आणि जखमेवर पडल्यावर ती सुरकुती नसलेल्या त्वचेइतकंच पाणी अडवते.